लिफ्ट उचलेना, शाफ्ट फिरेना : आधी काय पाहावे?



ऑक्टोबरची छाटणी होऊन द्राक्षबागेत कोवळी फूट आलेली असते. रात्री पावसाची सर येऊन जाते, सकाळी पाने ओलीच असतात आणि डाऊनीची, म्हणजे केवड्याची, धास्ती घेऊन माणूस बागेत जातो. अशा वेळी फवारणी उद्यावर टाकून चालत नाही. नेमकी तेव्हाच छोट्या ट्रॅक्टरची लिफ्ट उचलत नाही, नाही तर ब्लोअरचा शाफ्ट फिरत नाही. मेस्त्री तालुक्याच्या गावी, आणि तो म्हणतो, संध्याकाळपर्यंत येतो. मग घरचा कर्ता पाना घेऊन ट्रॅक्टरखाली शिरतो, शेजारी जमतात, जो तो आपले अनुभव सांगतो, आणि दिवस मावळेपर्यंत चार बोल्ट सैल होऊन पाच लिटर तेल मातीत जिरलेले असते.

आजचा लेख त्या सकाळसाठी आहे. बागेत, उसाच्या बांधणीत, हळदीत, कपाशीत १५ ते ३० अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर आता गावोगाव झाले आहेत. त्यांच्या हायड्रॉलिकची आणि पी.टी.ओ.ची बरीच दुखणी बाहेरूनच कळतात आणि घरच्या घरी बरीही होतात. फक्त क्रम सोडू नये. आधी फुकटचे पाहावे, मग स्वस्तातले, आणि आतले घर उघडण्याची वेळ सगळ्यांत शेवटी आणावी. हा क्रम चुकला की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे होते.

पाना हातात घेण्यापूर्वी

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. अवजार जमिनीवर टेकवावे. पी.टी.ओ.चा लिव्हर बंद करावा, इंजिन बंद करून चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवावी, हँडब्रेक ओढावा. चावी ट्रॅक्टरला ठेवली तर आपण खाली असताना कुणी तरी, बहुधा घरातलाच पोरगा, मदत म्हणून इंजिन सुरू करतो. असे अपघात घडलेले आहेत.

उचललेल्या अवजाराखाली कधीही शिरू नये. लिफ्ट वर थांबते ती केवळ कोंडलेल्या तेलाच्या जोरावर. एखादी रबरी सील फाटली किंवा कुणाचा हात लिव्हरला लागला तर रोटाव्हेटर क्षणात खाली येतो. अवजार वर असतानाच काम करणे भाग असेल तर खाली जाड लाकडी ओंडके लावावेत. नुसता जॅक किंवा विटांची चळत चालणार नाही, कारण वीट वजनाखाली एकदम फुटते.

बाहेरच्या नळीतून बारीक गळती वाटली तर ती बोटाने चाचपू नये. दाबाखालचे तेल सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून सुटले तर ते कातडी भेदून आत जाते. वरून फक्त टाचणी टोचल्यासारखे दिसते, आत मात्र मांस सडू लागते. गळती शोधताना पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा. कुणाच्या अंगात असे तेल शिरलेच तर जखम लहान आहे म्हणून घरी न थांबता तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेले हॉस्पिटल गाठावे, आणि "दाबाचे तेल अंगात गेले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

लिफ्ट चालते कशी

इंजिनच्या जोरावर एक लहान पंप फिरतो. तो गिअरपेटीच्या घरातले तेल गाळणीतून ओढतो आणि दाबाने पुढे ढकलतो. सीटजवळचा लिव्हर वर केला की ते तेल लिफ्टच्या सिलिंडरमध्ये जाते, आतला पिस्टन सरकतो आणि मागचे दोन्ही हात वर येतात. लिव्हर खाली केला की त्याच वाटेने तेल परत घरात येते. वजन फार झाले किंवा काही अडकले तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा दाब सोडून देतो. म्हणजे तेल, गाळणी, पंप, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर अशी ही पाच घरांची साखळी आहे. कोणत्या घरी अडले ते शोधायचे, एवढेच काम.

सीटजवळ बहुधा दोन लिव्हर असतात, आणि त्यांचा घोटाळा पुष्कळांचा होतो. एक पोझिशनचा आणि दुसरा ड्राफ्टचा. पोझिशनचा लिव्हर जिथे ठेवाल त्या उंचीला अवजार राहते. ड्राफ्टचा लिव्हर ओढ पाहतो. नांगराला जमीन कठीण लागली की तो नांगर थोडा उचलतो आणि मऊ लागली की परत खाली सोडतो. ही युक्ती आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची. तीन सांध्यांच्या जोडणीसह ती असलेला त्याचा ट्रॅक्टर १९३६ साली बाजारात आला, आणि आज छोट्या-मोठ्या ट्रॅक्टरांची मागची जोडणी त्याच तत्त्वावर आहे. नांगरताना अवजार आपोआप थोडे वर-खाली होत असेल तर तो बिघाड समजू नये. रोटाव्हेटर, फवारणी यंत्र यांना मात्र पोझिशनचा लिव्हर वापरावा आणि ड्राफ्टचा लिव्हर पुस्तिकेत सांगितलेल्या जागी ठेवावा. तो भलत्या जागी राहिला की अवजार उचलत नाही किंवा नको तेव्हा उचलते, आणि दोष पंपावर येतो.

फुकटची तपासणी

पहिले, तेलाची पातळी. छोट्या ट्रॅक्टरात तेल मुळातच कमी बसते. त्यातले दोन लिटर कमी झाले तरी उतारावर पंपाची ओढ कोरडी पडते. सपाट जागी, अवजार खाली टेकवून, इंजिन बंद करून पट्टी पाहावी. अवजार वर असताना पाहिले तर सिलिंडरातले तेल हिशेबात येत नाही आणि उगाच जास्त भरले जाते.

दुसरे, तेलाचा रंग. फेसाळ तेल म्हणजे कुठून तरी हवा शिरते आहे. दुधाळ किंवा ताकासारखे तेल म्हणजे त्यात पाणी आहे. ट्रॅक्टर धुताना पाण्याचा जोराचा फवारा गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरावर किंवा हवेच्या छिद्रावर मारला की पाणी आत जाते. शंका असेल तर गरम केलेल्या पत्र्यावर तेलाचा एकच थेंब लांबून टाकावा. तडतडला तर पाणी आहे. असे तेल पूर्ण काढून बदलावे. वर नवे तेल ओतून भागत नाही.

तिसरे, तेलाची वाट बदलणारा नॉब. हायड्रॉलिक ट्रॉली उलटी करण्यासाठी ज्या ट्रॅक्टरांना बाहेर नळी जोडतात, त्यांत तेल लिफ्टकडे न्यायचे की बाहेर, हे ठरवणारा एक नॉब किंवा लिव्हर असतो. ट्रॉलीचे काम संपते, नळी काढली जाते, नॉब मात्र तसाच राहतो. दुसऱ्या दिवशी लिफ्ट मेल्यासारखी वाटते. पंप उघडायला निघालेल्या माणसाने आधी या नॉबला हात लावावा.

चौथे, खाली येण्याचा वेग ठरवणारा स्क्रू. तो सीटच्या पुढे-खाली असतो. पूर्ण बंद झाला की वर गेलेली लिफ्ट खाली येतच नाही. पायाच्या धक्क्याने किंवा मुलांच्या खेळण्याने तो फिरतो. लिफ्ट खाली येत नाही म्हणून नळ्या सैल करू नयेत. आधी हा स्क्रू थोडा उघडून पाहावा. अवजाराखाली कुणी नाही, एवढे मात्र बघून घ्यावे.

पाचवे, वजन. २०० लिटरची टाकी भरली की पाण्याचेच २०० किलो झाले. त्यात पंप, पंखा आणि लोखंडी सांगाडा मिळवा. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत उचलण्याची जी ताकद दिलेली असते ती बहुधा हातांच्या टोकापाशी मोजलेली असते. वजन जितके मागे, तितकी ताकद कमी पडते. टाकी रिकामी असताना लिफ्ट सुरेख उचलते आणि भरली की कण्हते, तर ट्रॅक्टरला दोष देण्यापूर्वी हा हिशेब करावा. वजन उचलताना पुढची चाके हलकी होत असतील तर तो धोक्याचा इशारा आहे.

सहावे, पी.टी.ओ.शी संबंध. काही ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचा पंप पी.टी.ओ.च्याच शाफ्टवरून चालतो. अशा ट्रॅक्टरात पी.टी.ओ.चा लिव्हर बंद असला की लिफ्टही बंद. आपल्या ट्रॅक्टरचा पंप कशावर चालतो, हे विकत घेताना विचारून पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

स्वस्तातली तपासणी

येथवर काही सापडले नाही तर गाळणीकडे वळावे. गाळणी तुंबली की पंपाला तेल पुरत नाही. तो कुंईऽऽ असा आवाज करतो आणि लिफ्ट अडखळत वर येते. तारेच्या जाळीची गाळणी स्वच्छ डिझेलमध्ये धुऊन, आतून बाहेर हवा मारून पुन्हा बसवता येते. कागदी फिल्टर धुऊ नये, नवाच घालावा. गाळणीत बारीक चमकदार भुकटी थोडीफार असते. मात्र लोखंडाचे कण बोटाला टोचतील एवढे असतील तर काम थांबवून ते कागदात बांधून मेस्त्रीला दाखवावेत.

पंपाकडे येणाऱ्या नळीची क्लिप आणि सांध्यातली ओ-रिंग पाहावी. ओढीच्या बाजूला फट असली तर तेल बाहेर येण्यापेक्षा हवा आत जाते, म्हणून तिथे गळती दिसेलच असे नाही. ओ-रिंग थोडक्या पैशांत मिळते, पण मापाचीच घ्यावी.

तेल पुस्तिकेत दिलेल्या जातीचेच भरावे. ज्या ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, त्यांत गिअर, ब्रेक आणि लिफ्ट यांना एकच तेल लागते. तिथे इंजिनचे उरलेले तेल ओतले तर लिफ्ट कदाचित चालेल, पण ब्रेक आवाज करू लागतील. तेल भरल्यावर इंजिन मंद ठेवून, अवजार न लावता, लिफ्ट पाच-सात वेळा पूर्ण वर-खाली करावी म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. नंतर पातळी पुन्हा पाहावी.

दुखणे बोलते, ते ऐकावे

वैद्य नाडी पाहतो तशी लिफ्टचीही नाडी पाहता येते. सकाळी थंडीत लिफ्ट जड चालते आणि तापल्यावर सुधारते, तर तेल फार दाट आहे किंवा गाळणी तुंबते आहे. सकाळी चांगली आणि दुपारी तापल्यावर ढिली, तर आतले भाग झिजले आहेत. पातळ झालेले तेल पंपाच्या किंवा सीलच्या फटींतून निसटते.

लिव्हर वर केला तरी लिफ्टही हलत नाही आणि आवाजही बदलत नाही, तर पंपाकडून तेल येत नाही किंवा ते दुसऱ्या वाटेने जाते आहे. उलट, लिफ्ट हलत नाही पण रिलीफ व्हॉल्व्ह ओरडतो, तर पंप आपले काम करतो आहे. वजन जास्त आहे किंवा कुठे तरी अडकले आहे. तो आवाज येताच लिव्हर मागे घ्यावा. तसाच ताणून धरला तर तेल तापते आणि पंपाचे आयुष्य घटते.

ज्या ट्रॅक्टरांत स्टिअरिंग आणि लिफ्ट एकाच पंपावर चालतात, तिथे दोन्ही एकदम जड झाली तर दोष तेल, गाळणी किंवा पंपात शोधावा. स्टिअरिंग हलके आहे आणि लिफ्टच ढिली, तर दोष बहुधा पुढे व्हॉल्व्हमध्ये किंवा सिलिंडरात असतो.

इंजिन बंद केल्यावर वरचे अवजार खाली बसू लागते, ही तक्रार फार येते. थोडे थोडे बसणे स्वाभाविक आहे. रात्री वर ठेवलेले अवजार सकाळी खाली दिसले म्हणून घाबरू नये. मुळात रात्री अवजार वर ठेवूच नये. पण डोळ्यांदेखत ते उतरू लागले तर आत गळती आहे. ज्या ट्रॅक्टरांत खाली येण्याच्या वेगाचा स्क्रू पूर्ण बंद होतो, त्यांत एक सोपी परीक्षा आहे. अवजार वर करून तो स्क्रू बंद करावा, इंजिन बंद करावे आणि बाजूला उभे राहून पाहावे. अवजार आता थांबले तर गळती कंट्रोल व्हॉल्व्हकडे आहे. तरीही उतरले तर सिलिंडरातल्या पिस्टनची सील गेली आहे. एवढे सांगितले तर मेस्त्रीचा निम्मा वेळ वाचतो. इंजिन चालू असताना वर धरलेले अवजार उचकी लागल्यासारखे थोडे खाली-वर होत राहते, तेही याच गळतीचे लक्षण. जितके तेल निसटते तितके ट्रॅक्टर पुन्हा पुन्हा भरत राहतो.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली तरी करू नये. "रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू दोन आटे आवळा, लिफ्ट घोड्यासारखी उचलेल," असा सल्ला हमखास मिळतो. तो व्हॉल्व्ह म्हणजे कुकरची शिट्टी आहे. ती दाबून धरली तर डाळ लवकर शिजत नाही, कुकर फुटतो. इथे नळी फुटेल, पंप फुटेल किंवा लिफ्टच्या घराला तडा जाईल.

आता पी.टी.ओ.कडे

पी.टी.ओ. अडला की एकच प्रश्न आधी विचारावा : ट्रॅक्टरचा खाचांचा दांडा फिरतो की नाही? इंजिन बंद करून अवजाराला जोडणारा शाफ्ट पूर्ण काढून बाजूला ठेवावा. दांड्यावरचे लोखंडी छत्र जागेवर असू द्यावे. सर्वांना दूर करावे, एकाने सीटवर बसून इंजिन मंद चालवावे आणि पी.टी.ओ. लावावा. दांडा फिरला तर ट्रॅक्टर निर्दोष, दोष अवजारात. नाही फिरला तर दोष ट्रॅक्टरात. या दोन मिनिटांच्या परीक्षेने चुकीच्या मेस्त्रीकडे जाणे वाचते.

दोष अवजारात असेल तर पहिला संशय शिअर बोल्टचा. रोटाव्हेटरला दगड लागला की गिअरपेटी वाचावी म्हणून एक ठरावीक ताकदीचा बोल्ट मुद्दाम तुटण्यासाठीच ठेवलेला असतो. तो तुटला म्हणजे त्याने आपले काम केले. त्याच्या जागी त्याच मापाचा आणि त्याच प्रतीचा बोल्ट घालावा. हाताशी आहे म्हणून कठीण पोलादाचा बोल्ट किंवा सळईचा तुकडा घातला तर पुढचा दगड गिअरपेटी फोडतो. असे चार बोल्ट टूलबॉक्सच्या डबीत नेहमी असावेत. काही अवजारांत बोल्टऐवजी घसरणारा क्लच असतो. पावसाळाभर उभे राहून तो गंजला तर दगडापुढे घसरत नाही आणि उपयोगाचा राहत नाही. हंगामापूर्वी तो पुस्तिकेप्रमाणे सैल करून, फिरवून, पुन्हा तितकाच आवळावा.

दोष ट्रॅक्टरात असेल तर क्लचकडे पाहावे. पी.टी.ओ.चा लिव्हर पडताना दात खडखडतात, याचा अर्थ क्लच पूर्ण सुटत नाही. लिव्हर पडतो, दांडा मोकळा असताना फिरतो, पण भार आला की मंदावतो आणि करपट वास येतो, याचा अर्थ क्लच घसरतो आहे. दोन्ही वेळा पेडलची मोकळी चाल आधी मोजावी आणि पुस्तिकेप्रमाणे करावी. हे काम पान्याचे आहे, पैशाचे नाही. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरात पेडल अर्धे दाबले की चाल थांबते आणि पूर्ण दाबल्यावरच पी.टी.ओ. थांबतो, अर्धे दाबून पी.टी.ओ. लावू पाहणारे पुष्कळ भेटतात.

नव्या काही ट्रॅक्टरांत पी.टी.ओ.चा लिव्हर लागलेला असला की इंजिन सुरूच होत नाही. बॅटरीला शिव्या देण्यापूर्वी तो लिव्हर बंद आहे ना, ते पाहावे. ही सोय तार जोडून कुणी काढून टाकत असेल तर त्याला ती काढू देऊ नये.

ब्लोअर फिरतो पण पानाच्या मागच्या बाजूपर्यंत फवारा जात नाही, ही तक्रार पुष्कळदा वेगाची असते. पी.टी.ओ.चा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे. तो इंजिनच्या एका ठरावीक वेगालाच मिळतो आणि मीटरवर त्या जागी खूण असते. डिझेल वाचवायला थ्रॉटल खाली ठेवला तर पंखा मंदावतो, दाब उतरतो आणि महागाचे औषध वाया जाते. पी.टी.ओ.ला दोन वेगांची सोय असेल तर लिव्हर कोणत्या वेगावर आहे तेही पाहावे. ५४०चे अवजार जास्त वेगावर चालवले तर ते तुटून पाती उडण्याची भीती असते.

शाफ्टची लांबी

छोट्या ट्रॅक्टरावर होणारी हमखास चूक म्हणजे मोठ्या ट्रॅक्टरचा शाफ्ट जोडणे. छोट्या ट्रॅक्टरात अवजार जवळ बसते. लांब शाफ्ट जमिनीवर असताना बसतो, पण लिफ्ट वर-खाली होताना अंतर कमी झाले की त्याच्या दोन्ही नळ्या एकमेकींत पूर्ण शिरून आतून टेकतात. मग लिफ्ट मध्येच अडते, किंवा तो सगळा जोर ट्रॅक्टरच्या दांड्याच्या बेअरिंगवर जाऊन ते फुटते. उलट शाफ्ट आखूड असेल तर चालू कामात सुटून चाबकासारखा फिरतो.

म्हणून नवे अवजार आणले की इंजिन बंद ठेवून, ओंडक्यांचा आधार देऊन, अवजार वेगवेगळ्या उंचीवर ठेवून मोजावे. अंतर सर्वांत कमी असेल तेव्हा नळीत निदान अडीच सेंटीमीटर मोकळीक राहावी, आणि अंतर सर्वांत जास्त असेल तेव्हा नळ्या एकमेकींत निदान एक तृतीयांश अडकलेल्या असाव्यात. कापायचा झाला तर दोन्ही नळ्या आणि दोन्ही संरक्षक आवरणे सारखीच कापावीत, कडा घासून ग्रीस लावावे.

शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत असावेत. नळ्या ओढून पुन्हा घालताना ते फिरले तर सगळे अवजार थरथरू लागते आणि क्रॉस लवकर जातो. बांधाशी वळताना रोटाव्हेटर फार वर उचलला की सांध्याचा कोन वाढून खडखड येते; तेव्हा पी.टी.ओ. बंद करावा किंवा थोडेच उचलावे. क्रॉसला रोज कामापूर्वी, अर्थात इंजिन बंद असताना, ग्रीस द्यावे.

बागेत गवत आणि काड्या बारीक करणारे जड फिरते यंत्र वापरत असाल तर आणखी एक सांभाळावे. एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरात क्लच दाबला तरी ते यंत्र आपल्या वेगाने फिरत राहते आणि शाफ्टमार्गे ट्रॅक्टरलाच पुढे ढकलते. मांडवाच्या खांबाजवळ, विहिरीच्या काठाशी ही गोष्ट जिवावर बेतेल. अशा यंत्राला एकाच बाजूने जोर देणारा क्लच शाफ्टमध्ये बसवून मिळतो. तो बसवून घ्यावा.

भगिनींनी हा भाग जरूर वाचावा

मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. दांडा ३५ मिलिमीटर जाड, म्हणजे त्याचा घेर सुमारे ११ सेंटीमीटर. ९ फेऱ्यांत तो जवळजवळ १ मीटर कापड गुंडाळतो. म्हणजे साडीचा पदर लागला तर एका सेकंदात तो सबंध ओढला जातो आणि त्यामागून माणूस. सांध्याचा भाग याहून जाड, तो याहून वेगाने ओढतो. "अगं बाई" म्हणायलाही तेवढाच वेळ लागतो. कुणी धावत जाऊन इंजिन बंद करीपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

बागेत विरळणीला, फवारणीचे पाणी भरायला, मळणीला बाया-माणसे ट्रॅक्टरच्या आसपास असतात. पदर खोचलेला, वेणी बांधून आत घेतलेली, ओढणी काढून ठेवलेली असावी. पुरुषांनी उपरणे, मफलर, सैल धोतर, लोंबती बाही यांचा तोच नियम पाळावा. फिरता शाफ्ट ओलांडून जाऊ नये. ट्रॅक्टरला वळसा घालावा. टाकीत औषध ढवळायचे असो की अडकलेले गवत काढायचे असो, पी.टी.ओ. बंद, इंजिन बंद, फिरणे पूर्ण थांबलेले, आणि मगच हात. मुलांना मडगार्डवर किंवा मागच्या हातांवर बसवू नये.

शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण आणि ते स्थिर धरणाऱ्या साखळ्या पहिल्याच हंगामात काढून फेकल्या जातात, कारण ग्रीस द्यायला अडचण होते. मळणीयंत्रांवर अनेकांचे हात गेल्यावर आपल्या देशात १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. पण गोठ्यात पडलेले आवरण उचलून पुन्हा शाफ्टवर चढवायला कायद्याचा माणूस येणार नाही. ते घरच्यांनीच करायचे आहे. आवरण फुटले असेल तर या आठवड्यातच नवे आणावे. एका बोटाची किंमतही त्याहून जास्त आहे.

मेस्त्रीला केव्हा बोलवावे

तेल, नॉब, गाळणी, वजन, क्लचची चाल, शिअर बोल्ट आणि शाफ्टची लांबी इतके पाहून झाले, तरी दुखणे राहिले तर मात्र हात आवरावा. पंप, कंट्रोल व्हॉल्व्ह, सिलिंडर आणि क्लचप्लेट ही जाणत्या माणसाची कामे. वॉरंटीची मुदत चालू असेल तर सील तोडण्याआधी विक्रेत्याला कळवावे.

मेस्त्री येण्यापूर्वी एका कागदावर पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात : दुखणे केव्हापासून, थंड असताना की तापल्यावर, रिकामे असताना की भाराखाली, आवाज कसला, आणि शेवटचे तेल केव्हा व कोणते घातले. "लिफ्ट बिघडली" एवढेच सांगितले तर मेस्त्री सगळे उघडतो. हा कागद हाती दिला तर नेमके तेवढेच उघडतो. जुने काढलेले भाग परत मागून घ्यावेत आणि झालेला खर्च ट्रॅक्टरच्या वहीत तारखेसह लिहावा.

हंगाम सुरू होण्याच्या आठ दिवस आधी एक सकाळ या तपासणीला द्यावी, म्हणजे पावसानंतरच्या सकाळी ट्रॅक्टर दारात अडणार नाही. हे पान कापून ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत ठेवा, आणि जो कोणी ट्रॅक्टर चालवतो, मग तो मुलगा असो, सून असो की सालगडी, त्याला एकदा मोठ्याने वाचून दाखवा.

पुढील लेखात ब्लोअरचा पंप, नोझल आणि दाब यांची निगा कशी राखावी, ते पाहू.